पाहुण्यांचं बटण

टीव्ही कोण बघतं हे मोजायचं काम मी सहा वर्षं केलं, आणि त्या सहा वर्षांत ते नेमकं काय काम आहे हे मला कुणालाच सांगता आलं नाही. नियमच तसा होता. ज्या घरात मोजणीचा डबा बसवलाय ते घर गुप्त राहिलं पाहिजे, नाहीतर उद्या एखाद्या चॅनेलचा माणूस जाऊन त्या घरच्यांना फूस लावायचा. त्यामुळे उमरखेडला आमच्या गल्लीत मी नुसती ‘सर्वेवाली’ होते. शेजारणीला वाटायचं की माझ्या हातात घरकुलाची यादी आहे. तिनं तीनदा कागद आणून दिले, आणि तिन्ही वेळा ते परत करताना मला काय सांगावं ते सुचलं नाही.

काम तसं सोपं होतं. टीव्हीजवळ एक छोटा डबा बसवायचा. त्याच्याबरोबर एक रिमोट. घरात जितकी माणसं तितकी बटणं, ज्याचं त्याचं एक. टीव्ही बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. पाहुणा आला तर त्याच्यासाठी वेगळं बटण. त्यात पाहुणे किती, बाई की माणूस, वय काय, एवढं भरायचं. कोणतं चॅनेल लागलंय ते डब्याला आपोआप कळायचं. समोर कोण बसलंय ते मात्र माणसानंच सांगायचं. आणि माणसं सांगत नाहीत. सून मालिका बघायची आणि बटण सासऱ्याचं दाबलेलं असायचं. क्रिकेटची मॅच लागली की घरातल्या चारही पुरुषांची बटणं चालू, आणि त्यातला एक त्या वेळी शेतात फवारणी करत असायचा. मी स्कूटीवर घरोघर फिरून तेच तेच समजावत राहायची.

एक घर मात्र असं होतं की तिथं मला काही समजावावं लागलं नाही. फुलसावंगीच्या पलीकडे एक तांडा आहे, तिथलं. कापूस आणि सोयाबीनची शेती, घरात सहा माणसं. घर चालवायची ती पन्नाशीची एक बाई. मी तिला मावशी म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रिमोटवरचे आकडे तिच्या कामाचे नव्हते. तिनं काय केलं, तर प्रत्येक बटणाला वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली. स्वतःची लाल, सुनेची हिरवी, नवऱ्याला काळी. "त्याले काळीच शोभते," असं म्हणून ती खळखळून हसली होती. घरातलं कुणी टीव्हीसमोरून उठलं की ती चुलीजवळून ओरडायची, "टिकली दाब रे!" माझ्या सगळ्या घरांत इतका चोख हिशेब कुणाचाच नव्हता.

क्रिकेट तिला सुरुवातीला कळत नव्हतं. नवरा आणि मुलगा बघायचे म्हणून ती बसायची. मग एकदा मुलींची मॅच लागली आणि ती उठेचना. मला म्हणाली, "बाई, ह्या पोरी पाह्यल्या का तुमी? कशा पडतेत न् परत उठतेत. अंगाले माती लागली तं पुसत बी नाहीत." त्यानंतर मुलींच्या मॅचला तिची लाल टिकली ठरलेली. सून बसायला लागली, मग शेजारच्या दोघीतिघी. नवरा आधी चेष्टा करायचा, मग गपगुमान मागे खाट टाकून बसायचा.

त्या मुली विश्वचषकाच्या फायनलला पोचल्या. नेमकी त्याच्या आदल्या दिवशी तांड्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लाइन नाही. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, दोन दिवस लागतील. सगळा तांडा गप्प बसला, ही बसली नाही. मुलाच्या पिकअपची बॅटरी तिनं काढायला लावली, लग्नाच्या लाइटिंगवाल्याकडून इन्व्हर्टर आणवला आणि दुपारपर्यंत टीव्ही अंगणात ओसरीला लावून चालू केला. सबंध तांड्यात चालू असलेला तेवढा एकच टीव्ही. साहजिकच सगळा तांडा त्या अंगणात येऊन बसला.

हे मला कळलं ते तिच्या फोनवरून. मी घरी माझ्या नवऱ्याबरोबर तीच मॅच बघत होते.

"बाई, ह्या पाहुन्याच्या बटनात नवाच्या पुढं जात नाही."

"किती पाहुणे आहेत मावशी?"

"मोजले नाहीत अजून. चाळीसेक असतीन. बायाच जास्त. म्हाताऱ्या बी आल्या. मी समद्याइले टिकल्या लावू का?"

मला हसू फुटलं. म्हटलं, "डब्यात नऊच पाहुणे मावतात, मावशी. तुम्ही नऊच ठेवा."

"मंग बाकीच्याइनं काय पाप केलं?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात मागून असा ओरडा झाला की फोनच बंद झाला. इकडे माझ्या टीव्हीवर एक विकेट पडलेली होती.

मॅच आपल्या मुलींनी जिंकली. मी त्या रात्री खूश होते, आणि खरं सांगते, मॅचपेक्षा त्या अंगणामुळे जास्त खूश होते. साडेचार वर्षं मी खोट्या बटणांची उस्तवार केली होती. आज पहिल्यांदा माझ्या एखाद्या घरातून अगदी खरी गोष्ट वर जाणार होती.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून आमच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या एका घरात गडबड दिसून राह्यली. फायनलच्या दिवशी पूर्ण वेळ नऊ पाहुणे. बायका, साठीच्या वर. हे कसं काय?"

मी सगळं सांगितलं. डीपी, बॅटरी, अंगण, म्हाताऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टीमनं ते घर बाजूला काढलंय. त्याच भागातली तुमची बाकी दोन्ही घरं त्या दिवशी शून्य आहेत. एकच घर फुल्ल. मुंबईवाल्यांना वाटते की कोणीतरी मॅनेज केलं."

"सर, बाकी दोन घरं शून्य आहेत कारण तिथं लाइन नव्हती. त्यातल्या एका घरची माणसं तर याच अंगणात बसली होती."

"हो, पण शून्य हे नॉर्मल आहे ना."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. लाइन नसल्यानं ज्या घरात टीव्ही लागूच शकला नाही, त्या घरात कुणाला मॅच बघायची नव्हती असं धरायचं. आणि ज्या घरात बॅटरी जोडून चाळीस माणसांनी बघितली, ते घर खोटं. मी म्हटलं, "सर, मी लेखी देते." ते म्हणाले, द्या.

मी लेखी दिलं. वायरमनचा जबाब घेतला, इन्व्हर्टरवाल्याचा घेतला. अंगणातला फोटो सुनेच्या मोबाइलमध्ये होता, तो जोडला. फोटोत पदर तोंडाशी धरून बसलेल्या बाया, मागे खाटेवर उभी राहिलेली माणसं. उत्तर आलं की फोटो ग्राह्य धरता येत नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं. उत्तर आलं की मुद्दा नोंदवला आहे. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा उत्तराऐवजी चौकशीसाठी एक माणूस आला.

तो तरुण होता, सभ्य होता, आणि त्यानं अर्ध्या तासात मला हरवलं. मावशीच्या ओसरीवर बसून त्यानं सुनेला विचारलं, "हे बटण कशाचं, ते त्या दिवशी आलेल्या बायांना माहीत होतं का?"

सून मोठ्या अभिमानानं म्हणाली, "मीच सांगतलं ना समद्याइले! हे बटन दाबलं की तिकडं मुंबईले समजते, आपन पाहून राह्यलो म्हनून. मंग समद्या म्हने, आमाले बी दाबू दे. बारी बारीनं दाबलं."

त्यानं वहीत लिहिलं. माझ्याकडे बघितलंही नाही. बघायची गरजच नव्हती. गुप्तता संपली होती, आणि नियमाप्रमाणे ते घर आता काढून टाकायचं होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती. उलट चूक असलीच तर माझी. तिचा फोन आला तेव्हाच मी तिला सांगायला हवं होतं की डबा झाकून ठेवा, कुणाला दाखवू नका. मी हसत बसले. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ज्या गोष्टीवर मी भांडत होते ती गोष्ट कुणी ऐकलीच नाही, आणि जी मी विचारातही घेतली नव्हती त्या कारणावर ते घर गेलं.

डबा काढायला मलाच जावं लागलं. सकाळी दहाची वेळ. मावशी कापूस वेचायला निघाली होती, कमरेला ओटी बांधलेली. मला बघून ती थांबली, चहा ठेव म्हणून सुनेला सांगितलं. मी स्क्रू काढायला सुरुवात केली तशी तिनं विचारलं, "बिघडला का?"

"नाही मावशी. काढायला सांगितलाय."

"काहून? आमचं काई चुकलं?"

मी तिला काय सांगणार होते? की तुमचं घर जास्त खरं निघालं? मी म्हटलं, "त्या दिवशी जास्त माणसं बसली ना, ते त्यांच्या हिशेबात बसत नाही."

तिनं विचारलं, "म्हंजे आमी पाह्यलं, ते त्याइनं धरलं नाही?"

"नाही धरलं."

"त्या नऊ जनी बी नाही?"

"नाही. त्या दिवसाचं पूर्ण घरच काढून टाकलं. तुम्ही सुद्धा नाही."

खाटेवरून नवरा म्हणाला, "जाऊ दे ना वं. आपल्याले काय करा लागते? टीव्ही तं आपलाच हाये." तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुमची काळी टिकली रोज मोजत जायचे. तवा तुमी नाही म्हनले का, जाऊ दे?" मग मला म्हणाली, "बाई, खरं सांगतलं तं काढून टाकते. मंग खोटंच दाबाले पाह्यजे होतं का आमी?"

मी चहा घेतला, फार गोड होता. वायर गुंडाळली, डबा पिशवीत टाकला आणि सही घ्यायचा कागद पुढे केला. तिनं अंगठा उमटवला. मी तांड्याच्या बाहेर आले, स्कूटी बाजूला लावली आणि एका बाभळीखाली उभी राहून पाचेक मिनिटं नुसती चिडत होते. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बातम्यांत आलं की मुलींची फायनल विक्रमी लोकांनी बघितली. माझा नवरा म्हणाला, "पाह्य, आलं ना बरोबर? तुह्या एका घरानं काय फरक पडला?" मी त्याला समजावायला गेले की हा आकडा कुणी माणसं मोजून काढत नाही, एकेका डब्याच्या मागे हजारो घरं धरतात, म्हणजे एक तांडा काढला की तसे किती तांडे गेले, ते बघ. तो म्हणाला, "तरी विक्रम झालाच ना?" झाला. पण मला तो आकडा बघून आनंद झाला नाही, आणि मुली जिंकल्याचा आनंदही त्यात गेला, म्हणून मी दिवसभर घरात आदळआपट केली.

त्या घराच्या बदली दुसरं घर शोधायचं होतं. यादी कॉम्प्युटरवरून आली. त्यातलं एक घर रस्त्याला लागून होतं. नवराबायको दोघंच, मुलं पुण्याला. लाइन फारशी जात नाही. संध्याकाळी दोन तास बातम्या, एक तास मालिका. मालकानं मला आधीच सांगितलं, "आमच्याकडे मॅचबिच कोनी पाहत नाही, आवाज सहन होत नाही." मी डबा बसवला. महिन्याभरानं साहेबांनी शाबासकी दिली की या घराचा डेटा एकदम स्वच्छ आहे.

त्यानंतर नागपूरला आमचं प्रशिक्षण होतं. एसी हॉल, जेवण चांगलं. मुंबईहून आलेल्या बाईंनी शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? मी हात वर केला. विचारलं की लाइन नसल्यामुळे शून्य आणि बघायचं नाही म्हणून शून्य, या दोन शून्यांत आपण फरक करतो का? त्या म्हणाल्या, प्रश्न छान आहे, पण तो टेक्निकल टीमचा आहे. माझ्या शेजारचा चंद्रपूरचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, हे विचारलंत ते बरं केलंत, पण कायले डोकं फोडून घेता?" जेवणाच्या वेळी साहेबही तेच म्हणाले, जरा वेगळ्या शब्दांत.

मी लगेच नोकरी सोडली नाही. सोडली असती तर ही गोष्ट जास्त चांगली झाली असती, पण मुलीची बारावी होती आणि नवऱ्याची दुकानदारी नेमकी त्याच साली मंदावली होती. आणखी चौदा महिने मी बटणं समजावत फिरले. मग सोडली. आता उमरखेडलाच एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरून देते. गुप्त काही नाही, सगळं काउंटरवर.

मावशीला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, महागावच्या बाजारात. तिनं मला ओळखलं, विचारपूस केली, मुलीच्या निकालाचं विचारलं. डब्याचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. तिच्या तांड्यात डीपी नवीन बसली होती, पण विजेचा दाब कमी येतो म्हणून ती वायरमनला शिव्या देत होती. मीही तिच्याबरोबर दिल्या.