सासऱ्याला लागलेली लाथ

माझा सासरा मला कधीच आवडला नाही आणि मीही त्याला. बारामतीजवळ कन्हेरीला त्याचा पाटाच्या पाण्यावरचा भाजीपाला होता. आमची इंदापूरकडची जमीन कोरडवाहू. लेक तिकडं दिल्याचा पस्तावा तो माझ्या तोंडावर बोलून दाखवी.

छप्पन साल असावं. पहिल्या दिवाळसणाला बोलावलं, म्हणून गेलो. पंगतीत भावकीसमोर तो म्हणाला, "जावईबापू, पोटभर खावा. असली ताजी भाजी तुमच्याकडं बघायला बी मिळत न्हाय."



दुपारी ओसरीत आम्ही दोघं एकाच जाजमावर आडवे झालो. तो माझ्याकडं पाठ करून पडला. मला लहानपणापासूनच, डोळा लागता लागता पायरी चुकल्यासारखं होतं, अंग दचकतं आणि पाय उडतो. तेव्हाही तसंच झालं. जाग आली तेव्हा माझी टाच त्याच्या कमरेत बसली होती.

तो उठून बसला. "लाथ मारली मला," घरादाराला ऐकू जाईल असं म्हणाला.

"मामा, झोपेत पाय उडाला. मुद्दाम न्हाय."

"आत्ता तर पाठ टेकली. कसली झोप? पंगतीत बोललो त्याचा राग काढला तुमी."

राग होताच, त्यामुळं माझं खरं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलं.

"भावकीसमोर पाया पडा," तो म्हणाला. "तवर लेक धाडत न्हाय."

"मी पडणार न्हाय."

तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून दारात आली. "आबा, ते खोटं बोलत न्हाईत. झोप लागताना त्यांचा पाय रोजच उडतो. मला बी लागतो."

लेकीनं बापासमोर आपल्या अंथरुणातलं बोलावं, हे त्याला लाथेपेक्षा जास्त लागलं.

"लाज सोडलीस," तो म्हणाला. "जा त्याच्यासंगं. परत हितं येऊ नगंस."

तिनं बोचकं बांधलं. बारामतीच्या एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुमी पाया पडला असता तर मला बोलाय लागलं नसतं."

पुढं तिच्या धाकट्या भावाच्या लग्नालाही तिला बोलावणं आलं नाही. सासरा वारला तेव्हा ती जाऊन आली. मी गेलो नाही.