सगुणानं काही केलं नाही

मोबाईलवर आबांचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. आबा म्हणजे माझे थोरले दीर, कामथडीला असतात, शेती बघतात. फोन वाजला तर 'घे, तुझाच असंल' म्हणून बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, हातात देणारा माणूस, स्वतःहून लावणं तर सोडाच. मी भोरच्या घरी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते, एक हात पदराच्या पिनेत अडकलेला. "म्हेशची आय गोठ्यात पडलीया," एवढंच ते म्हणाले. बायकोचा उल्लेख ते मुलाच्या, महेशच्या, नावानंच करायचे. मी विचारलं, "शुद्धीवर आहेत ना?" पलीकडून एका गाईचं हंबरणं ऐकू येत होतं, ते काही केल्या थांबत नव्हतं. मग आबाच म्हणाले, "न्हाई गं. गेली ती."

अक्का, माझी थोरली जाऊ, अशा गेल्या. आणि त्यांना अग्नी देऊन लोक नदीवरून परततायत न परततायत तोच नसरापूरच्या स्टँडपर्यंत बातमी पोचली होती की त्यांना गाईनं मारलं. मी हा लेख लिहितेय तो आधी या बातमीसाठी. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. पण डॉक्टरांचं राहू द्या. अक्कांना शेवटची आंघोळ मी घातली आहे. त्यांच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी कृपा करून तोंड बंद ठेवावं.

जावा म्हटलं की लोक भांडण गृहीतच धरतात. आमच्यात भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, चांगली कडाक्याची झाली. पण त्यांचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी, आणि तिकडच्या बायकांचा राग जेवणाच्या ताटापर्यंत टिकत नाही. "बस खाली, शालू. भाकरी गार झाली की भांडान बी गार हुतंय," म्हणायच्या आणि ताट पुढं सरकवायच्या. माहेराहूनच त्यांनी एक कालवड आणली होती, तांबडी, आखूड अंगाची, शिंगं मात्र अशी की माणसानं दोन पावलं लांबूनच जावं. ती कपिला. पुढं तिच्या दोन लेकी झाल्या, आणि या तिघींच्या गोठ्यात कपिलेचा शब्द शेवटचा. दारातून आधी ती आत जाणार, पाणी आधी ती पिणार, आणि गव्हाणीच्या तोंडाशी असलेला पहिला खुंटा तिचा. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण त्यात कधी बदलही झाला नव्हता.

हायवेच्या पलीकडं एक मोठी डेअरी आहे. अक्का तिथं आपल्या रानातल्या मक्याचा चारा विकायला न्यायच्या. पत्र्याच्या लांबलचक शेडात काळ्या-पांढऱ्या विलायती गाई रांगेनं उभ्या, कानात पिवळे बिल्ले, सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेले खूर. त्यातली एक अक्कांची साडी ओढून ओढून चाटायची. एके दिवशी ती रांगेत नव्हती, मागच्या कुंपणाशी वेगळी बांधलेली होती. भाकड झाली म्हणून जाणार होती. कुठं जाणार, ते मॅनेजरही स्पष्ट बोलेना आणि अक्काही विचारेनात. त्या सरळ म्हणाल्या, "मला द्या." मॅनेजर हसला. "मावशी, थेंबभर दूध नाही देणार ती. आणि खाईल तुमच्या तिघींचं मिळून." अक्का म्हणाल्या, "तुमी इतकी वर्सं प्यालात की दूध. आता तिला जेवू घालायचं कुणीतरी." मग त्यानंच टेम्पोही करून दिला.

सगुणा हे तिचं नाव टेम्पोतून उतरतानाच पडलं. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून कामथडीला गेले होते. आणि अक्कांनी काय केलं असेल? नवी सून घरात यावी तसा थाट केला! खुरांवर पाणी, कपाळाला हळदकुंकू, ओवाळणं, भाकरीवर गूळ. आणि घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पाहुणीला मानाची जागा द्यायची, ही आमच्या घरची रीत, म्हणून नेऊन बांधली कुठं, तर पहिल्या खुंट्याला. कपिला लेकींना घेऊन गायरानात चरायला गेली होती. आम्हा दोघींच्या डोक्यात एवढासुद्धा विचार आला नाही की ज्या गाईची ती जागा आहे ती संध्याकाळी घरी येणार आहे.

कपिला दारात आली आणि थबकली. मागच्या दोघी तिच्या पाठीवर आदळल्या तरी ती हलेना. नाकपुड्या फेंदारल्या, खाली मान घालून एक खूर मातीत ओढला... अक्का म्हणाल्या, "ए बाय, अगं पाव्हणी हाय." पण तोवर ती निघाली होती. बांधलेलं जनावर पळणार कुठं? सगुणाला शिंगंच नव्हती, डेअरीत लहानपणीच जाळून टाकतात. पहिली धडक बरगडीत बसली. आबा ओरडत होते, "दावं काप! दावं काप!" आणि अक्का विळा घेऊन दोन गाईंच्या मधे शिरल्या. मी किंचाळले, दुसरं काही केलं नाही. दावं तुटलं तसा कपिलेचा पुढचा हिसडा अक्कांच्या खांद्याला बसला आणि त्या खांबावर आपटल्या. सगुणा मोकळी होऊन जी उधळली ती अंगणातून थेट रस्त्यावर, आणि आमचा रस्ता पुढं हायवेला मिळतो.

लोंबणारा हात दुसऱ्या हातानं धरून अक्का तिच्यामागं पळत होत्या. "ये गं ये, ये माझे बाय," हाका मारत होत्या, आणि ती ढुंकूनही बघत नव्हती. ट्रकचे हॉर्न ऐकू यायला लागले. अचानक अक्का जागीच उभ्या राहिल्या आणि जीव खाऊन ओरडल्या, "आ जा! आ जा रे आ जा!" डेअरीतले कामगार सगळे परप्रांतातले. त्या गाईला जन्मात कोणी मराठीतून हाकच मारली नव्हती! सगुणा थांबली. कान वळले, मग मान, मग ती अख्खी वळली आणि थरथरत चालत येऊन अक्कांच्या दंडाला नाक लावून उभी राहिली. पुढं गावानं अक्कांना 'हिंदीवाली' म्हणून पुष्कळ चिडवलं. अक्कांचं हिंदी म्हणजे देवा रे देवा, पण गाईला ते कळत होतं.

घरी आल्यावर आबांनी निकाल दिला. "येत्या बाजाराला ती डेअरीची गाय जाणार. माणूस मारून घ्यायचंय का आपल्याला?" रागापेक्षा भीती जास्त होती त्यांच्या आवाजात. खांद्याला हळद लावून घेत अक्का म्हणाल्या, "चूक माजी. दुसरीचं ताट उचलून म्या हिच्या म्होरं ठिवलं. तिला राग येनारच की. त्यात ह्या गाईचा काय गुना?" आबा म्हणाले, "ते मला सांगू नको. पुन्यांदा असं झालं तर म्या आयकनार न्हाई." "पुन्यांदा झालं तर म्या सोता टेम्पोत चढवीन," अक्का म्हणाल्या. आणि त्या शब्दाला पक्क्या होत्या, हीच तर भीती होती.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. कपिला परत पहिल्या खुंट्याला. सगुणा पार टोकाला, मधे बांबूचं कूड. अक्का एकच गोणपाट घ्यायच्या, आधी कपिलेचं अंग पुसायच्या, मग त्याच गोणपाटानं सगुणाचं, मग परत उलट. "वास वळखीचा झाला की निम्मं काम झालं," म्हणायच्या. गायरानात सगळ्यांना सोडायच्या, कारण उघड्यावर पळायला जागा असते. पण सगुणाला चरायचं कुठं माहीत होतं? गुडघाभर गवतात उभी राहून ती बारीक केलेल्या चाऱ्याची वाट बघायची. उतारावर पाय टाकायला घाबरायची. शेजारच्या रानात फवारणीचा पंप सुरू झाला की तोंडातला घास टाकून लगबगीनं गोठ्यात येऊन उभी राहायची, मागचे पाय फाकून, धारेला. डेअरीत धार यंत्रानं काढायचे, तो आवाज तेवढाच तिच्या ओळखीचा. कासेत थेंब नाही, आणि ती उभी... मी एकदाच पाहिलं ते. पुन्हा पाहवलं नाही. अक्का मात्र दर वेळी जायच्या, तिच्या कासेवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "झालं बाय. झालं समदं. सुटी."

कपिला रोज अंगावर जायची. अक्का काठी घेऊन मधे उभ्या, आणि लांब बांधावर आबा हाताची घडी घालून. ते बाजाराच्या दिवसाबद्दल बोलत नव्हते, पण विसरलेही नव्हते. मग एका दुपारी मी तिथंच होते. सगुणा चरत चरत पुढं गेली, आणि कपिला तिच्या वाटेत आडवी उभी. मधे कोणी नव्हतं, अक्का माझ्याशी बोलत मागं राहिल्या होत्या. मी पुढं धावणार तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हलू नगं, शालू." कपिलेनं मान खाली घातली. सगुणानंही घातली, आणखी खाली, अगदी गवताला टेकेपर्यंत. बराच वेळ दोघी तशाच... मग कपिलेनं हळूच हनुवटी वर केली, गळा मोकळा केला, आणि सगुणा तिची पोळी, गळ्याखालची लोंबती कातडी, चाटायला लागली. अक्कांनी माझं मनगट सोडलं आणि मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, त्यात लाजायचं काय?

पुढच्या वर्षांत त्याच डेअरीतून आणखी दोन भाकड गाई आल्या. ओवाळणं झालं, पण गोठ्याबाहेर. आणि बांधल्या त्या थेट टोकाच्या खुंट्याला. आबांनी कुरकुर केली, पण कूड तेच बांधायचे.

त्या सकाळी आबांच्या मागोमाग लोक गोठ्यात गेले तेव्हा अक्का सगुणाच्या पुढ्यात पडलेल्या होत्या आणि ती एवढी थोरली गाय त्यांना चार पायांच्या मधे घेऊन उभी होती. कोणालाही जवळ येऊ देईना. हंबरत होती. धावून आलेल्या शेजाऱ्यांनी एवढंच पाहिलं आणि बाकीचं ज्यानं त्यानं मनानं रचलं. खांद्याच्या जुन्या दुखण्याची गोष्ट त्यात मिसळली, आणि झाली बातमी तयार. महेश, अक्कांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. तो आला तो हेच ऐकत आला. त्याला मी दोष देत नाही, आई गेलेली होती त्याची. पण मी कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी तो म्हणत राहिला, "काकू, जिनं आईला मारलं ती दारात नको. मला तिच्याकडं बघवत नाही."

तेराव्यानंतर टेम्पो आला. फळी लावली. महेशनं सगुणाचं दावं सोडलं, आणि ती मुकाट्यानं निघाली. तिला आयुष्यात कोणी कधी विचारलंच नव्हतं, ती काय हिसके देणार? कपिला मात्र खुंटा उपटायला निघाल्यासारखी ओढत होती, तोंडाला फेस आला होता. मी आबांकडं बघितलं. ते ओट्यावर बसून होते, गेले कित्येक दिवस ते कोणाशी बोललेच नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, तुम्ही पाहिलंय ना? तुम्ही तरी बोला हो!" सगुणाचे पुढचे खूर फळीवर चढले.

तेव्हा ते उठले. चप्पलही न घालता अंगण ओलांडून गेले आणि महेशच्या हातातलं दावं त्यांनी काढून घेतलं. महेश म्हणाला, "आबा, तुम्हाला नाही कळत." आबांनी हात गाईच्या मानेवर ठेवला.

"म्या सगळ्यांत आदी गेलो हुतो गोठ्यात," ते म्हणाले. "तुजी आय गव्हानीला टेकून बसल्या जागीच गेली हुती. कलंडली ती मागनं. ही तिचं त्वांड चाटत हुती. उटवत हुती तिला." त्यांनी दावं हाताला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "म्या हिला हाकलाय बसलो हुतो रं... तवा तुज्या आयनं हिच्यासाटी माज्याम्होरं हात जोडलं न्हाईत, नुस्ती काठी घिऊन मधी उबी ऱ्हायली. हितं, ह्या गोट्यात, तेवडीच ऱ्हायलीया तुजी आय आता. एकदा गेली ती बास झाली, म्हेशा. पुन्यांदा नगं घालवू."

महेश फळीवरच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला, आई गेल्यापासून पहिल्यांदा. टेम्पो रिकामाच परत गेला.

मी आता रविवारी कामथडीला जाते. आबा मला आधी घरात नेत नाहीत, गोठ्यात नेतात. चहाही तिथंच, गव्हाणीच्या कट्ट्यावर. गेल्या खेपेला शेजारच्या रानात पंप सुरू झाला आणि सगुणा धारेला उभी राहिली. आबांनी हातातला कप माझ्याकडं दिला, पुढं जाऊन सगुणाच्या कासेवरून हात फिरवला, आणि अक्कांचेच शब्द त्यांच्या तोंडून आले, "झालं बाय. सुटी." ते माझ्याकडं पाठ करून उभे होते, म्हणून मीही दुसरीकडं बघत चहा संपवला.