नानांचा हार आमच्या आजोबांना

मंडळी, आज एरंडोलला नाना पेंटरांची स्मृतिसभा होती. रंगून-कराचीपर्यंत नाटकांचे पडदे रंगवत फिरलेले नाना स्वातंत्र्यानंतर गावी परतले. ज्या घरात मेलेल्या माणसाचा फोटो नसे, तिथे नुसतं वर्णन ऐकून ते फुकट तसबीर काढून देत.

नानांच्या कामाचा नमुना म्हणून मी आमच्या आजोबांची तसबीर सभेला दिली होती. जाऊन पाहते तर हेच नाना समजून तिला हार घातलेला.

संयोजकांना सांगितलं, तर म्हणाले, "आते राहू द्या अक्का, हार घाली दिधा."

वक्ते म्हणाले, "नानांचं हसू बघा, किती प्रेमळ."

आजोबा जन्मात कधी हसले नाहीत. ते हसू नानांनी पदरचं घातलं होतं.

खुद्द नानांचा चेहरा तुमच्यापैकी कोणाला आठवतो तरी का?