वाचन : भाऊ

भाऊंना दमायला काम लागत नसे. ते सकाळी उठत तेच दमलेले. जिने चढून ग्रंथालयात पोचले की खुर्चीत बसण्याआधी तिच्या पाठीला हात टेकून जरा वेळ उभे राहत, खुर्चीची परवानगी घेतल्यासारखे. तरी माणूस आळशी नव्हता. आळशी माणसाला दमायला फुरसत कुठली? डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून संस्थेची सगळी यंत्रं ते एकट्याने सांभाळत आले होते, आणि एकट्याने सांभाळलेलं काम कधीतरी अंगावर येतंच.

संस्था लहानशीच. तिला सगळे बोलकं ग्रंथालय म्हणत. दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. त्या गाद्यांच्या खोलीत वाचक मंडळी बसून पुस्तकं मोठ्याने वाचत, ते वाचन संगणकात साठवलं जाई, आणि ज्यांना दिसत नाही असे श्रोते घरून फोन लावून ती ऐकत. फोन लागला की यंत्र आपल्या सपाट आवाजात पुस्तकाचं नाव सांगे, प्रकरण सांगे, आणि मग म्हणे, ‘वाचन : गुरुजी’, किंवा ‘वाचन : औषधवाले’, किंवा ‘वाचन : वहिनी’. खरी नावं तिथे कुणी वापरत नसे. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, औषधवाल्यांचं कोपऱ्यावर दुकान. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. यंत्रं सांभाळणारे ते भाऊ, म्हणून ती वहिनी.

वाचकाचं नाव यंत्राला कळावं कसं, ही युक्ती भाऊंचीच. प्रत्येक वाचक आपापल्या नावाने संगणकात शिरे, त्यामुळे त्याने वाचलेल्या प्रकरणाच्या फाइलवर मालक म्हणून आपोआप त्याचं नाव चढे. यंत्र ते नाव पाहून बोले. वेगळी नोंद ठेवायला नको, चुकायला नको. संस्थेच्या प्रमुख मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, काय डोकं आहे हो तुमचं. हे एवढंसं कौतुक भाऊंनी वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं.

वहिनींना मागणी सगळ्यांत जास्त. त्या वाचायला लागल्या की वाचतात असं वाटतच नसे, शेजारी बसून कुणी बोलतंय असं वाटे. घरी त्यांचा आवाज भाऊंवर बऱ्याचदा चढलेला असे ती गोष्ट वेगळी. मग तो आवाज बसायला लागला. सर्दी असेल, उन्हाने असेल, असं करता करता गळ्याचं ऑपरेशन निघालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. तीही कान जवळ नेला तर.

तेव्हापासून संध्याकाळी भाजी निवडायला बसल्या की वहिनी फोन टेबलावर ठेवत, ग्रंथालयाचा नंबर लावत आणि आपणच वाचलेलं एखादं पुस्तक ऐकत. सुरुवातीला यंत्र ‘वाचन : वहिनी’ म्हणे तेव्हा त्या किंचित मान हलवत, हजेरी दिल्यासारखी. भाऊ त्या वेळेला दूध आणायचं निमित्त काढून बाहेर पडत. घरात दूध असलं तरी. त्यांना ते सोसत नसे.

अशात ग्रंथालयाची जुनी डिस्क कुरकुरायला लागली. नवी आली. सगळ्या फायली जुन्यावरून नव्यावर न्यायच्या होत्या. भाऊ काही माउस धरून फायली ओढत बसणाऱ्यांतले नव्हते. काळा पडदा उघडायचा, कॉपीची आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं. त्या आज्ञेत पी हे एक अक्षर घालायचं असतं. ते घातलं की फाइलची जुनी तारीख, मालकाचं नाव, सगळं जसंच्या तसं नव्या जागी जातं. नाही घातलं तर फाइल जाते, पण तारीख आजची लागते आणि कॉपी करणाराच मालक होऊन बसतो. घर बदललं तर सामानाबरोबर दारावरची पाटीही आठवणीने काढून न्यावी लागते, तसंच हे. भाऊंनी ही आज्ञा शेकडो वेळा दिलेली होती.

पण त्या दिवशी ते इस्पितळातून थेट आले होते. वहिनींची तपासणी होती. सकाळपासून बाकावर बसून दोघांची पाठ मोडली, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आवाज आता परत येईल अशी आशा ठेवू नका. वहिनींना रिक्षात बसवून भाऊ कामावर आले, आज्ञा टाइप केली आणि डोळे मिटून बसले. कॉपी झाल्यावर फायली मोजल्या, जुळल्या. दोनचार लावून पाहिल्या, आवाज स्वच्छ. मग नव्या डिस्कवरूनच जपून ठेवायची दुसरी प्रत काढली, आधीच्या प्रतीवरच.

राहिला संस्थेचा नियम. वाचकांचा आवाज भलत्याच्या हाती पडू नये म्हणून जुनी डिस्क टाकून देताना तिला ड्रिलने आरपार भोकं पाडायची. एरवी आजचं काम उद्यावर ढकलण्यात भाऊंचा हात कुणी धरला नसता. नेमकं हे काम त्यांनी त्याच दिवशी उरकलं. आयुष्यात एकदा माणूस वेळेवर वागला, आणि तोंडघशी पडला.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे फोन सुरू झाले. एका वेळी एवढी नवी पुस्तकं आणलीत, धन्य आहे तुमची, असं एक म्हातारे गृहस्थ गदगदून म्हणाले. नव्या पुस्तकांची यादी यंत्र तारखेवरून करी. भाऊंनी काळा पडदा उघडला. वरपासून खालपर्यंत एकच तारीख, कालची. आणि तिच्या शेजारी मालक : भाऊ, भाऊ, भाऊ, भाऊ. भोकं पाडलेली डिस्क खालच्या पेटीत पडली होती. ती त्यांनी उचलून उजेडात धरली, उगाच, आणि परत ठेवली.

घरी गेल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही. हिने आज फोन लावला नाही म्हणजे मिळवली, असं मनाशी म्हणत ते दूध आणायलाही गेले नाहीत. वहिनींनी शेंगा सोलायला घेतल्या आणि फोन लावला. यंत्र बोललं, ‘वाचन : भाऊ’. आणि पाठोपाठ वहिनींचा तो जुना, भरलेला आवाज खोलीभर झाला.

वहिनींचे हात थांबले. भाऊंनी पीची सगळी हकीकत सांगितली, पहिल्यापासून, नको तितक्या तपशिलाने, चूक केलेला माणूस सांगतो तशी. वहिनींनी ती ऐकून घेतली. मग फोन बंद केला आणि भाऊंना कान जवळ आणायची खूण केली.

“माझं म्हणून एवढंच उरलं होतं,” त्या कुजबुजल्या. “तेही तुमच्याच नावावर?”

भाऊ म्हणाले, करतो नीट. वहिनी पुन्हा शेंगांकडे वळल्या. त्या दिवसापासून त्यांनी फोन लावणं सोडलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येई, आणि भाऊंना तो ग्रंथालयाच्या जिन्यातही ऐकू येई.

मॅडमचं म्हणणं पडलं की एवढं काय त्यात, सरसकट ‘वाचन : ग्रंथालय’ करून टाका, श्रोत्यांना गोष्टीशी मतलब. मॅडमना नाही म्हणायची भाऊंना सवय नव्हती. या वेळी ते नाही म्हणाले. कुणी काय वाचलंय ते शोधून ज्याचं त्याला देईन, म्हणाले. म्हणायला म्हणाले खरं, पण गुरुजी आणि औषधवाले यांचे आवाज त्यांच्या कानाला सारखेच लागत. वाचकांना विचारावं तर त्यांना आपण कोणत्या साली काय वाचलं ते आठवेना. आणि जुन्यांपैकी काही तर विचारण्यापलीकडे गेलेले.

शेवटी धावून आल्या ऑपरेटरबाई. त्या ग्रंथालयाच्या सगळ्यांत जुन्या श्रोत्या. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, पुढे दृष्टी गेली. आवाज ऐकून माणूस ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पुतणीचा हात धरून त्या जिने चढून येत, भाऊंच्या शेजारी बसत आणि म्हणत, लावा. भाऊ प्रकरण लावत. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई नाव सांगत. गुरुजी वाक्याआधी ओठ चाटतात, औषधवाले पान उलटताना श्वास रोखतात. भाऊ मालक बदलायची आज्ञा देत आणि पुढचं लावत. असे कितीतरी दिवस गेले. भाऊंचे डोळे चुरचुरत, मान धरे, घरी जाऊन ते जेवता जेवता पेंगत. बाई मात्र दिवसेंदिवस ताज्यातवान्या. दमायचं काम भाऊ दोघांच्या वाटचं करत होते.

वहिनींची पुस्तकं आली तेव्हा भाऊंना ती ऐकणं भाग पडलं. आता दूध आणायला जाण्याची सोय नव्हती. एक पुस्तक, दुसरं, तिसरं. एकाएकी बाई म्हणाल्या, इथून पुढे वहिनींचा आवाज बसायला लागला बघा, ‘र’ जरासा फाटतोय. भाऊंनी परत लावून ऐकलं. खरंच होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, आवाज केव्हापासून बसलाय? एका छताखाली राहून भाऊंना सांगता आलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या होत्या, थोडेच दिवस झाले. या फाइलवर तारीख होती. इतकी वर्षं ती तिथे होती, कुणीही काळा पडदा उघडून पाहू शकलं असतं. आता तिथे कॉपीची तारीख होती. नावं विचारून परत देता येतात, तारखा कुणाला विचारणार? मनाने घालावी तर ते खोटं. भाऊंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

सगळ्यात शेवटी वहिनींचं शेवटचं पुस्तक राहिलं. जाड कादंबरी, अर्ध्यापर्यंत वहिनी, फाटक्या आवाजात. ती प्रकरणं त्यांच्या नावे झाली. उरलेली चार भाऊंनी लावलीच नाहीत. ही पण वहिनींचीच, असं म्हणून ते आज्ञा टाइप करायला लागले.

“लावा तरी,” बाई म्हणाल्या.

“कशाला? पुस्तक तिचंच आहे.”

“पुस्तक त्यांचं. पण ती चार तुम्ही वाचलीत, भाऊ.”

भाऊंचे हात की-बोर्डवरच राहिले. वहिनी इस्पितळात असताना, पुस्तक अर्धवट राहिलं ही एकच रुखरुख त्यांनी लावून घेतली होती. म्हणून भाऊ गाद्यांच्या खोलीत जाऊन बसले होते, संगणकात वहिनींच्याच नावाने शिरून. मोठ्याने वाचायची सवय नसताना, अडखळत, एकेक वाक्य तीनतीनदा म्हणत त्यांनी ते पुरं केलं. यंत्राने त्यावर ‘वाचन : वहिनी’ लावलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, झालं हो पुरं. कुणी पुरं केलं हे वहिनींनी विचारलं नव्हतं.

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?” भाऊंनी विचारलं.

“यंत्र वहिनी म्हणतंय आणि आवाज तुमचा. आम्हाला काय ते कळलं.” बाई काठी चाचपत उठल्या. “सगळ्या श्रोत्यांनी एकमेकांना फोन करून सांगितलं, कुणी विचारू नका म्हणून.”

त्या संध्याकाळी भाऊ घरी लवकर गेले. वहिनी भाजी निवडत होत्या. तुझं सगळं तुझ्या नावावर झालं, भाऊ म्हणाले. फक्त शेवटची चार प्रकरणं राहिलीत, ती मी वाचली होती, उद्या तीही करतो. हे सांगताना ते वहिनींकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

वहिनींनी हात पुसले. कितीतरी दिवसांनी फोन टेबलावर ठेवला, नंबर लावला आणि आकडे दाबत त्या थेट त्या प्रकरणापाशी गेल्या. आपला आवाज जिथे संपे तिथे त्या नेहमी फोन बंद करत, त्यापुढे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. यंत्र म्हणालं, ‘वाचन : भाऊ’. मग भाऊंचा आवाज आला. दाटलेला, चुकीच्या जागी थांबणारा. नायिकेचं बोलणं आणि पत्ता सांगणं एकाच सुरात. मध्येच नाक ओढल्याचंही ऐकू आलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. भाऊंना वाटलं, उठून दूध आणायला जावं. वहिनींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता.

प्रकरण संपलं. वहिनींनी कान जवळ घ्यायची खूण केली.

“इतकं वाईट मी जन्मात वाचलेलं नाही,” त्या कुजबुजल्या. “ते तुमच्याच नावावर राहू द्या.”

त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत, हे आवाज नसल्यामुळे भाऊंना आधी कळेना. मग वहिनींनी डोळे टिपले, भाजीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि पुढचं प्रकरण लावलं.