कड्याखालची झोळी

डोंगर चढणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. चढायला लागतात वीस मिनिटं आणि आपला नंबर यायला दोन तास! मग माणूस खाली बसून करणार काय? दुसऱ्याची फजिती बघणार आणि ती जन्मभर सांगत सुटणार.

आमच्या ग्रुपकडे असे पोतंभर किस्से आहेत. त्यातले निम्मे अशा एका मेंबरचे आहेत, जिला तेव्हा धड बसताही येत नव्हतं. तिचं नाव मिनू, वय महिने सहा.

मिनूची आई नलिनी. लोअर परळच्या चाळीत राहायची, म्युनिसिपल शाळेत शिकवायची आणि आमच्यात सगळ्यात भारी क्लायम्बर होती. हे मी मोठ्या मनाने कबूल करतोय असं समजू नका, सगळ्यांना दिसतच होतं. मुंब्र्याच्या डोंगरात एका कड्याला सरळ उभी भेग होती. ती आमच्यापैकी कुणालाच पुरी चढता आली नव्हती. नलिनी एकटी शेवटच्या पंधरा फुटांपर्यंत पोचली होती. आणि त्याच आठवड्यात कळलं की तिला दिवस गेलेत!

आमचे लीडर अण्णा घोडपदेवचे, एका वर्कशॉपात फिटर. बोलायला अगदी फटकळ. ते म्हणाले, "संपलं हिचं. पोर झाल्यावर परत आलेली एक बाई मला दाखवा!"

पण मिनूला सहावा महिना लागला आणि एका रविवारी पहाटे ही बाई करी रोड स्टेशनवर हजर! कडेवर मिनू. "आले की नाही परत?" ती मला म्हणाली. तिला ती भेग पुरी करायची होती, बाकी काही नको होतं.

*

नलिनीच्या नवऱ्याची, दिलीपची, मिल संपात बंद पडली होती. दुसरं वर्ष चालू होतं. घरी बसून बसून त्याने मिनूचं अख्खं खातं ताब्यात घेतलं. चाळीच्या नळावर बायकांच्या रांगेत उभा राहून लंगोट धुवायचा! बायका पदराआड हसायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्याला ऐकवायच्या.

पहिल्या रविवारची सॅकसुद्धा त्यानेच भरली. कड्याखाली पोचल्यावर उघडली. चोवीस लंगोट, झबली, टोपडी, ग्राइप वॉटर, खुळखुळा, मच्छरदाणी.

"आणि दोर?" अण्णांनी विचारलं.

दिलीपने सॅक उलटी केली. आणखी एक टोपडं पडलं.

"घरी राहिला," तो म्हणाला. "जागाच नव्हती हो!"

अण्णांनी हात पुढे केला. "दे ते लंगोट इकडे. गाठी मारून चढतो!"

*

मिनूची झोळी टांगायचं काम अण्णांनी आपणहून घेतलं. झोळी म्हणजे नलिनीचं जुनं पातळ. समोर दोन चांगली झाडं होती. पण नाही! या माणसाने अर्धा तास हातोडी चालवून खडकात लोखंडी मेखा ठोकल्या. किती? चार! स्वतः लोंबकळून बघितलं, मग मिनूला ठेवलं. झोळी जमिनीपासून दीड फूट उंच.

मला रागच आला. मी गिरगावातला बँकेचा क्लार्क, वजन ऐंशी किलो. "अण्णा, मागच्या रविवारी मी साठ फुटांवर होतो, तेव्हा माझा दोर एकाच मेखेवर होता!"

"तू मोठा आहेस," अण्णा शांतपणे म्हणाले. "पडलास तर का पडलास ते तुला कळेल तरी. तिला काय कळणार?"

*

आमच्यात आरडाओरडा हा कामाचा भाग. वरच्याने 'ढील!' ओरडायचं, की खालचा दोर सोडतो. 'टाइट!' ओरडलं की तो ओढून धरतो. पण मिनू झोपली की अण्णांचा कायदा लागू, सगळं कुजबुजत बोलायचं.

आता चाळीस फुटांवरून कुजबुजणार कसं, तुम्हीच सांगा! माझा पाय थरथरायला लागला. मी अगदी सभ्यपणे म्हणालो, "टाइट." खाली माझा दोर धरलेल्या दिलीपला काही ऐकू आलं नाही. मी परत म्हणालो, "दिलीप, टाइट रे." तो मिनूवरच्या माश्या वारत होता.

मी पडलो. सात-आठ फूटच, मग दोराने धरलं. पण गुडघा सोलवटला आणि तोंडातून "आई गं!" निघालंच.

खालून अण्णांचा दबका आवाज आला, भयंकर संतापलेला.

"हळू पड ना! आत्ता झोपलीय!"

*

एकदा मिनूने माझ्या कॅनव्हासच्या बुटात शू केली. दुसरे बूट नव्हते. तसाच ओला बूट घालून, शिव्या देत चढलो. आणि काय सांगू, जिथे महिनाभर घसरत होतो ती जागा पहिल्या दमात पार!

"बुटाचा प्रताप," दिलीप म्हणाला. अण्णांनी त्याला झापलं. "असलं काही नसतं. सायन्स शिकलायस ना?"

पुढच्या रविवारी बघतो तर झोळीच्या बरोब्बर खाली बुटांचा एक जोड मांडून ठेवलेला. नऊ नंबरचा. आमच्यात नऊ नंबर एकट्या अण्णांचा!

*

हसण्यावारी सगळं चाललं होतं, पण भेग राहिली होती ती राहिलीच.

तीन रविवार नलिनी तिच्यावर चढली. तिन्ही वेळा त्या पंधरा फुटांखालच्या शेवटच्या मेखेपाशी पोचली, आणि तिन्ही वेळा मिनू नेमकी तेव्हाच भुकेने उठून रडायला लागली. ते रडणं वर पोचलं की नलिनीचा शर्ट दुधाने ओला व्हायचा. ती कपाळ खडकाला टेकायची आणि म्हणायची, "खाली घे."

तिसऱ्या वेळी मिनूला पाजताना ती स्वतःच रडत होती. दिलीप म्हणाला, "पुढच्या वेळी मी हिला लांब घेऊन जातो."

"आणि माझा दोर कोण धरणार? दुसऱ्या कुणाच्या हातात मी दोर देणार नाही."

खरं सांगतो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. अण्णा नुसते दोर गुंडाळत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी दिलीप म्हणाला, "मी आयेला घेऊन येतो."

आये म्हणजे त्याची आई. आम्ही हादरलोच! आयेला आजवर एवढंच सांगितलं होतं की डोंगरावर पोरीला हवा चांगली मिळते. सून काय करते हे म्हातारीने एकदा बघितलं, की नलिनीचं क्लायम्बिंग त्याच दिवशी बंद, यात आम्हाला कुणालाच शंका नव्हती.

*

आये आली. मूळची मालवणची, बारीक, काटक. अठ्ठावीस वर्षं मिलच्या वायडिंग खात्यात सूत गुंडाळण्यात काढलेली, संपाने लेकाबरोबर तीही घरी बसली होती. नलिनीने कमरेला दोर बांधला तेव्हा तिने विचारलं, "ह्या काय?" आम्ही सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागलो. नलिनी चढायला लागली आणि आये पान चघळायची थांबली.

नलिनी शेवटच्या मेखेपाशी पोचली. आणि मिनू उठली! काय रडली सांगू! अख्ख्या डोंगरात घुमत होतं. मी तिला उचलून खुळखुळा वाजवला, तर आणखी जोरात.

वर नलिनी थांबली. तिने कपाळ खडकाला टेकलं. आता ती काय म्हणणार ते आम्हाला पाठ होतं. दिलीपने तर दोर आवळायला घेतलाही.

आये उठली. माझ्या हातातून मिनूला ओढून घेतलं, तरातरा कड्याच्या पायथ्याशी गेली आणि मान वर करून ओरडली,

"गो नलू! खाली काय बघतंस? हिचो बापूस मिलच्या पाळणाघरात बोंबलत होतो, तेवा मी मशीन सोडून धावलंय काय? रडता तर रडांदे! तू वर जा!"

हिचा बापूस माझ्या शेजारीच उभा होता. त्याचे कान लाल झाले. वरून कुणी मागितली नव्हती, तरी त्याने गुपचूप ढील दिली.

पंधरा फूट. मिनू सगळा वेळ रडत होती. एक हात वरच्या काठावर गेला, मग दुसरा. मग नलिनी दिसेनाशी झाली. आणि मग काठावरून तिचा चेहरा डोकावला, धुळीने माखलेला, हसत आणि रडत.

"आये! पोचले!"

अण्णांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. माझेही डोळे भरून आले होते, त्यात लपवायचं काय?

आयेने पदराने डोळे पुसले, मिनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आवाज आणखी चढवला.

"पोचलंस मां? मगे आता बेगीन उतर! चेडू उपाशी हा!"