चौदा दिवसांचं काँक्रीट

त्या वर्षी आमची इंजिनियर कंपनी उत्तरेकडच्या एका डोंगरी खोऱ्यात होती. मी नायब सुभेदार, एका प्लाटूनचा कमांडर. माझं गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. काम असं होतं : नाल्यावरचा जुना लाकडी पूल वाहून गेला होता, त्या जागी एकशेदहा फुटी बेली पूल टाकायचा. पलीकडे आमच्या दोन पोस्ट आणि तीन गावं होती.

जे फौजेत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. बेली पूल लोखंडी चौकटींचा असतो. चौकटी पिनांनी जोडायच्या, तयार पूल रोलरवरून ढकलत पलीकडच्या काठाला न्यायचा. मग त्याची टोकं जॅकवर तोलून, रोलर काढून, काँक्रीटच्या बैठकीवर हळूहळू उतरवायची. याला जॅक डाऊन म्हणतात. तेव्हा कित्येक टन लोखंड जॅकवर असतं आणि जॅक त्या काँक्रीटवर.

प्लॅन आमच्या कंपनी कमांडरांनी, मेजर साहेबांनी, स्वतः केला होता आणि तो चांगला होता. तंबूतल्या बोर्डवर वर स्कोप लिहिला होता : एक पूल, दोन्ही बाजूंचे रस्ते. त्याखाली कामांची साखळी. बाकीची कामं मागेपुढे चालली असती, पण बैठकीचं काँक्रीट ओतल्यावर चौदा दिवस त्यावर भार टाकायचा नव्हता. थंडीत ते उशिरा पकडतं. साहेब त्याला क्रिटिकल पाथ म्हणायचे. "बाकी कुठंही वेळ भरून काढता येईल, इथं नाही," असं त्यांनीच आम्हाला शिकवलं. चौदानंतरचे पाच दिवस अडचणीसाठी मोकळे ठेवले होते. तो फ्लोट.

पूल जोडणाऱ्या सेक्शनचा कमांडर नायक मिलिंद ओव्हाळ. दौंडचा. वडील रेल्वेत कीमन, म्हणजे रोज पायी चालत रूळ तपासणारे. आम्ही दोघं भीमाकाठचे, त्यामुळे चारचौघांत हिंदी आणि दोघंच असलो की मराठी. बोलायला कमी होता. प्रत्येक पिनेवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, मगच पुढची चौकट. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, सगळ्या सेक्शनला वाटायचा, कारण नुसती डाळ त्याला जायची नाही. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी होती.

काँक्रीट ओतून चार दिवस झाले आणि वरून निरोप आला. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. दहाव्या दिवशी. म्हणजे जॅक डाऊन नवव्या दिवशी. एका निरोपात फ्लोटचे पाच दिवस गेले आणि काँक्रीटचेही पाच गेले. बोर्डवर जॅक डाऊनपुढे लाल खडूने 'माइलस्टोन' असं लिहिलं गेलं. चौदाचा आकडा कुणी पुसला ते मला माहीत नाही.

मग स्कोप वाढला. स्वागताची कमान. हेलिपॅड. फीत कापायला मंडप. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. माझी निम्मी प्लाटून पुलावरून काढून दगड रंगवायला लावली. पूल टाकायला शिकलेली माणसं गुडघ्यावर बसून दगडांना चुना फासत होती आणि एक अधिकारी छडीने ओळ सरळ करून घेत होता. मला तेव्हा आलेली शिसारी अजून गेलेली नाही.

आठव्या दिवशी मिलिंदने मला आमच्या काठावरची उजवी बैठक दाखवली. कोपऱ्यावर केसाएवढी चीर होती. मी रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोके नोंदवायच्या वहीत, नोंद केली : उजवी बैठक, चीर, काँक्रीट कच्चं. शेजारी 'उपाय' असा रकाना होता. तो भरून संध्याकाळी रजिस्टर परत आलं. दोन शब्द होते. 'देखरेख ठेवावी.'

नवव्या दिवशी सकाळी ०९३० ला आम्ही जागेवर होतो. मिलिंद बैठकीजवळ उकिडवा बसला होता.

"साहेब, नखानं खरवडलं तरी भुगा निघतोय. कच्चं हाय ह्ये."

"मी कळवलंय."

"मग काय म्हणले?"

"देखरेख ठेवा म्हणले."

"ठेवतो की. पर त्यासाठी खाली जावं लागंल. हितनं जॅक दिसत न्हाई."

१००५ ला मी वायरलेस सेटवर गेलो. वन म्हणजे कंपनी, टू म्हणजे मी, होम बँक म्हणजे आमचा काठ आणि सीट म्हणजे बैठक.

"वन, टू बोल रहा हूँ. होम बँक की सीट में क्रॅक है. पाँच दिन चाहिए. ओव्हर."

"टू, डेट फिक्स है. प्रोसीड. ओव्हर."

आवाज मेजर साहेबांचा होता. ज्यांनी चौदा दिवसांचा नियम शिकवला त्यांचाच. त्यांच्या मागून दुसरं कुणीतरी बोलत होतं, तेही ऐकू आलं.

"टू, रॉजर. आउट."

रॉजर म्हणजे ऐकलं, समजलं. हा रॉजर माझा.

पलीकडचं टोक आधीच उतरवलं होतं. आमच्या काठावर डावी बाजू १०४८ ला नीट बसली. उजवीकडे मिलिंदसोबत दोन सॅपर, म्हणजे इंजिनियर जवान, होते. त्याने जॅककडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं आणि त्यांना म्हणाला, "दोनों पीछे. बारह कदम." हँडल स्वतः घेतलं. मी त्याला थांबवू शकत होतो. मी घड्याळ पाहत होतो.

१११० ला कोपरा फुटला. मोठा आवाज झाला नाही. ओल्या गुळाची ढेप दबावी तसं काँक्रीट दबलं, जॅक आडवा उडाला आणि पूल एका बाजूने खाली आला. मिलिंद छातीपर्यंत अडकला. दुसरा जॅक लावून त्याला बाहेर काढायला एकोणीस मिनिटं लागली. पहिली काही मिनिटं तो जिवंत होता. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता निरोप आला की हवामानामुळे पाहुण्यांचा दौरा पुढे ढकलला आहे. वायरलेस ऑपरेटरने मला नंतर सांगितलं, हा निरोप वरच्या हेडक्वार्टरला सकाळी नऊलाच आला होता. तिथे कुणीतरी तो टेबलावर ठेवून नाश्त्याला गेलं.

चौकशी झाली. मला एकच प्रश्न नीट आठवतो.

"जॅक किसने लगाया था?"

"नायक ओव्हाळ ने, साब."

विचारलं तेवढंच सांगितलं. रजिस्टर आधीच मागवून घेतलं होतं, ते परत आलं नाही. सेटवर काय बोलणं झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अहवालात निष्कर्ष आला : जॅक चुकीचा बसवला, वैयक्तिक चूक. शेवटी 'धडे' असा मथळा होता. त्याखाली लिहिलं होतं की जवानांना जॅक बसवण्याचं अधिक प्रशिक्षण द्यावं.

बैठक फोडून नवीन केली. या वेळी काँक्रीटला चौदा दिवस मिळाले. सतरा मागितले असते तर सतराही मिळाले असते. नंतर पाहुणे आले, फीत कापली, चहा घेतला आणि गेले. पाटीवर त्यांचं नाव आहे.

मिलिंदला घेऊन दौंडला मीच आलो होतो. बुद्धविहारापासून दहनभूमीपर्यंत वस्ती आणि रेल्वे कॉलनी मिळून चालत होती. सगळं आटोपल्यावर त्याचे वडील, सोपान मामा, माझ्याजवळ आले.

"साहेब, झालं काय नेमकं?"

"अपघात, मामा."

त्यांनी मान हलवली. मी गाडीत बसलो.

पुढे सुभेदार होऊन रिटायर झालो. आता शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतो. मागच्या महिन्यात तिथे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एक दिवसाचा क्लास होता. पुण्याहून आलेले ट्रेनर स्कोप, माइलस्टोन, क्रिटिकल पाथ, रिस्क रजिस्टर, एकेक शब्द पडद्यावर दाखवत होते. शब्दांची चूक नाही. आमच्या तंबूत तेच शब्द होते आणि ते बरोबर होते. ट्रेनर म्हणाले, "सुभेदार साहेब, फौजेतलं एखादं उदाहरण द्या."

मी दिलं. वर लिहिलंय तसं, वेळांसकट.

ट्रेनर म्हणाले, "एक्सलंट. फार पॉवरफुल केस स्टडी आहे. पुढच्या बॅचला वापरली तर चालेल ना?"

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. किळस त्यांची आली, पण त्यांची कमी, माझी जास्त. बारा वर्षांत जे मी त्याच्या बापाला सांगितलं नव्हतं, ते चहाच्या सुट्टीआधी वीस अनोळखी माणसांना सांगून मोकळा झालो होतो.

रविवारी मोटारसायकल काढली आणि दौंडला गेलो. सोपान मामा ओट्यावर बसले होते. ओळखलं त्यांनी.

"या साहेब. लई दिवसांनी."

मी चहा येण्याआधीच बोलायला लागलो, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. काँक्रीट, तारीख, चीर, रजिस्टर, सेट, रॉजर. चौकशीत मी काय सांगितलं तेही. मिलिंदने दोघांना मागं पाठवलं तेही.

मग मामा म्हणाले, "मी चौतीस वर्सं रुळावर काढली. रूळ कच्चा दिसला की लाल झेंडी लावायची. मंग गाडीत कोन बी बसल्यालं आसू द्या, थांबायचीच. तुमच्यात नसती व्हय झेंडी?"

"होती मामा. माझ्या हातात होती."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. शिवी देतील असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"फौजेनं धाडलेल्या कागदावर तेची चूक लिवलीय. सुनंनं वाचला तवापास्नं पोरीला दावला न्हाई. पेटीत ठिवलाय." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही लिवून द्या. मला तोंडी नगं. पोरगी आता नववीला हाय. तिला वाचाय यील आसं लिवा."

आतून त्यांची सून चहा घेऊन आली. तिने दारामागून सगळं ऐकलं होतं. कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

तो अहवाल दुरुस्त करावा म्हणून मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. उत्तर आलं की प्रकरण बंद आहे. दुसरा अर्ज केला आहे. मेजर साहेब आता फार मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत. त्यांना पत्र पाठवलं, ते पोचलं, पोचपावती माझ्याकडे आहे. दुसरं काही आलेलं नाही.

त्यामुळे इथं लिहितो.

नायक मिलिंद सोपान ओव्हाळ, वय एकोणतीस, राहणार दौंड. काँक्रीट कच्चं आहे हे त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा सांगितलं. जॅक बरोबर बसवला होता, मी स्वतः पाहिला होता. दोन माणसांना त्याने बारा पावलं मागं पाठवलं. ते दोघं जिवंत आहेत, एकाला आता मुलगा आहे. चूक मिलिंदची नव्हती. ज्यांनी तारीख दिली त्यांची होती, आणि ज्याने रॉजर म्हटलं त्याची, म्हणजे माझी होती.