"बंद हाय, चढा"

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण आमच्या गँगमध्ये आप्पांचे किस्से इतके साठलेत, की चहाच्या गाड्यावर एकानं एक काढला की दुसऱ्याला दम निघत नाही.

आम्ही कोल्हापूरच्या एका ठेकेदाराकडं विजेच्या तारा ओढायचो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आप्पा आमचे मुकादम. उंच, हात कायम पाठीमागं. सबस्टेशनला जाऊन लाईन बंद करून घ्यायचं काम त्यांचं. ते "बंद हाय, चढा" म्हणाले, की आम्ही खांबावर चढून तारेला हात घालायचो. त्यात चूक झाली तर माणूस जिवंत खाली येत नाही.

*

पन्हाळ्याच्या कामावर नवा इंजिनिअर आला. जीपमधून उतरला तो सरळ आप्पांपुढं. "सर, मी आजच जॉईन झालोय!"

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. उनात थांबू नगा."

साहेब गपचूप सावलीत जाऊन बसला! आप्पा नुसते मुकादम आहेत हे पुढं कळलं, तरी 'सर' काही सुटलं नाही.

*

एका गावात शेतातली मोटर चालू होईना. आमचा बाबू जुना वायरमन, पण बोलताना अडखळतो. त्यानं खांबावर चढून फ्यूज बदलला आणि खाली उतरला. तेवढ्यात आप्पा आले, खांबाला नुसता तळहात टेकवला. "कर चालू."

मोटर धडाधडा सुरू! मालकानं आप्पांपुढं नारळ फोडला.

बाबू म्हणाला, "अवो, फ-फ्यूज मी..."

मालकच त्याच्यावर खेकसला, "तू गप रं मर्दा! हात कुणी लावला?"

आम्ही पोट धरून हसलो. परत येताना बाबू हळूच म्हणाला, "खरं सांगू? म-मलाबी वाटाय लागलंय, त्येंच्या हातानंच झालं."

*

नेसरीत मी तारेचा जोड मारला. शेतकऱ्यानं विचारलं, "पक्का हाय न्हवं?"

मी म्हणालो, "असावा."

त्यानं आप्पांना बोलावलं. आप्पांनी खालूनच वर बघितलं. "हाय." तो खूष होऊन निघून गेला.

आप्पा मला म्हणाले, "असावा म्हणू नगो. हाय म्हण. मग असतंय."

*

एकदा आप्पा रजेवर. इंजिनिअर स्वतः लाईन बंद करून आला. "चढा."

कुणी चढेना! सगळे जमिनीकडं बघत उभे. शेवटी त्यानं हात पाठीमागं घेतले, आवाज जाड केला. "बंद हाय, चढा!"

आमचे पाय आपोआप उचलले. वर गेल्यावर बाबू म्हणाला, "आवाजच पाहिजे गड्या, मा-माणूस कशाला?"

त्या दिवशी हे हसण्यावारी गेलं.

*

गगनबावड्याला भर दुपारी धुकं. आम्हाला खांबापाशी थांबवून आप्पा जीपनं सबस्टेशनला गेले. हाताभरावरचं दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं धुक्यातनं आवाज आला, "बंद हाय, चढा."

मी आणि बाबू चढलो. तुटलेली तार ओढून घेतली, जोड मारला. आमचे चारही हात तारेवर होते. तेवढ्यात खाली जीपचे दिवे दिसले. आप्पा पळतच आले.

"उतरा! कुणी चढवलं तुम्हाला? ऑपरेटर जेवाय गेलता, लाईन अजून चालूच हाय!"

आम्ही उतरलो. आप्पांचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला.

बाबू त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "तुम्हीच म्हणला, बंद हाय, चढा." एवढं बोलताना तो एकदाही अडखळला नाही.

आप्पांनी धुक्याकडं बघितलं. मग जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खांबाचं उरलेलं काम होतं. धुकं तसंच. आप्पा अगदी माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "बंद हाय, चढ."

संशयाच्या तारेला आम्ही सरळ पंजा कधी लावत नाही, करंट असला तर मूठ तारेवरच आवळते; हाताची मागची बाजू लावून बघतो. मी तसाच उलटा हात आप्पांच्या मनगटाला लावला.

मग चढलो.